बिनमिठाचं अळणी

मटणाच्या अळणीनं बरं होत नाही असं एकही दुखणं जगात नाही, असं छातीठोकपणे मानणारा एक माणूस कोल्हापुरात होता, आणि तो माझ्या साडूचा बाप होता. साडूच्या वडिलांना काय म्हणायचं, याला आपल्या भाषेत शब्द नाही. मेव्हण्याला आहे, नणंदेला आहे, व्याह्याला तर आहेच आहे, पण बायकोच्या बहिणीच्या सासऱ्याला आपल्या पूर्वजांनी वाऱ्यावर सोडलेलं आहे. म्हणून मीही सगळ्यांसारखं त्यांना आबा म्हणायचो. ते मला माझ्या लग्नापासून स्वतःच्या मरणापर्यंत 'पावणं' म्हणाले. माझं नाव त्यांना ठाऊक असावं, पण ते त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

अळणी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दावरून घडलं. शब्दकोशात बघाल तर अळणी म्हणजे मीठ नसलेलं. कोल्हापुरात तसं नाही. इथं मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून ते शिजवतात, आणि तिखट पडायच्या आधी त्याचं जे पिवळसर, तुपकट पाणी निघतं त्याला अळणी म्हणतात. ते वाटीत घेऊन गरम गरम प्यायचं. मीठ त्यात व्यवस्थित असतं. मग त्याला अळणी का म्हणायचं? ज्यात तिखट नाही त्यात काहीच नाही, असा कोल्हापुरी माणसाचा हिशेब असतो, म्हणून असेल. दुसरं कारण मला तरी सुचलेलं नाही.

आबांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं आणि मंगळवार पेठेत चार मुलं, चार सुना, नातवंडं, एक विधवा बहीण आणि येणारे-जाणारे असा मोठा बारदाना होता. आम्ही कबनूरला राहायचो. तिथल्या यंत्रमागांच्या खडखडाटातून रविवारी एसटीनं कोल्हापूर गाठायचं आणि साडूकडं जेवायचं, असा नव्वद-ब्याण्णवपासून आमचा परिपाठच झाला होता. साडूचं आणि माझं फार जमायचं असं नाही. मी जायचो ते त्या वाटीसाठी.

रविवारी सकाळी लोक टीव्हीवरच्या देवांपुढं हात जोडून बसलेले असत तेव्हा आबा खाटकाच्या दारात बसलेले असत. नळीचं, बरगडीच्या चापेचं, खांद्याचं किती घ्यायचं हे त्यांचं ठरलेलं असे. पण खाटकाची उलटतपासणी घेतल्याशिवाय ते पिशवी पुढं करत नसत. बकरं कुठल्या बाजारातलं, काय खात होतं, चालत आलं का टेंपोतून आलं, असे प्रश्न चालायचे. एकदा त्यांनी विचारलं, बकऱ्याला सर्दी वगैरे नव्हती ना? खाटीक थकून म्हणाला, आबा, आता त्याला विचारायची सोय राहिलेली नाही. आबांना हा विनोद आवडला नाही. त्यांनी दोन आठवडे दुसऱ्या खाटकाकडून मटण आणलं, आणि ते वाईट निघालं म्हणून पुन्हा दोन आठवडे पहिल्या खाटकालाच दोष दिला.

मग परसातली चूल. घरात गॅस होता, कुकर तर सुनांनी माहेराहून आणलेले तीन होते, पण कुकरमध्ये शिजलेलं मटण म्हणजे गुदमरून मेलेलं मटण, असं आबांचं मत होतं. मोठ्या पातेल्यावर परातीत पाणी ठेवायचं, ते वाफेनं तापलं की तेच आत ओतायचं, पुन्हा गार पाणी वर. हे तासन्‌तास चालायचं आणि त्या वेळात चुलीपाशी कुणी फिरकायचं नाही. हलवायला त्यांनी स्वतःच्या लेथवर लांब दांड्याची एक पळी बनवली होती. ती इतकी जड होती की धाकट्या सुनेनं एकदा उचलली आणि दोन्ही हातांनी परत ठेवली. बाहेरून दिसायचे ते फक्त आबांचे पाठमोरे खांदे आणि धूर. धाकटा नातू लहान असताना त्याला बरेच दिवस वाटत होतं की धूर आबाच सोडतात.

पहिल्यांदा मी त्या घरी रविवारी जेवायला गेलो तेव्हा माझा अपमान झाला, असं मला वाटलं होतं. नवीन पाहुणा मी, भुकेनं कासावीस झालेलो, आणि आबांनी पहिल्या वाट्या भरल्या त्या पोरांसाठी, दुसऱ्या सुनांसाठी, आणि मुलगे आणि मी बाहेरच्या सोप्यात बसून वास घेत राहिलो. सुना निवांत भाकरी चुरून खात होत्या. बाहेरच्या कुठल्याही घरात असं दृश्य मी पाहिलं नव्हतं. साडू माझ्या कानाशी लागला आणि म्हणाला की इथं असंच असतं, बोलू नको. पुढं कधीतरी आबांनी कारण सांगितलं. त्यांच्या आईनं जन्मभर वाढलं आणि तिच्या वाट्याला पातेलं विसळलेलं पाणी आलं, असं ते म्हणाले. एवढंच म्हणाले आणि मग विषय बदलून खाटकाला शिव्या दिल्या.

औषध म्हणून तर अळणीला मर्यादाच नव्हती. खोकल्यावर अळणी, मुक्या मारावर अळणी, बाळंतिणीला अळणी, दहावीत गणित गेलं तर अळणी. साडूच्या धाकट्या भावाचं ठरलेलं लग्न मोडलं. पोरगा कोपऱ्यात बसून राहिला. घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. आबांनी त्याच्यापुढं वाटी ठेवली, वाटीत नळीचा मोठा तुकडा टाकला, आणि म्हणाले, "पोरगी गेली. नळी हाय न्हवं? फोड." पोरानं रडत रडत नळी फोडली. वर्षभरानं त्याचं दुसरीकडं चांगलं जमलं, तेव्हा त्याचं श्रेय आबांनी मध्यस्थाला दिलं नाही.

शेजारी गुळाचे जैन व्यापारी होते. त्यांना टायफॉइड झाला तेव्हा आबा आठवडाभर अस्वस्थ होते. माणूस डोळ्यांदेखत वाळतोय आणि आपल्याला काही करता येत नाही, हे त्यांना सोसेना. शेवटी नवं पातेलं विकत आणून त्यांनी मुगाचं कढण करायचं ठरवलं आणि पथ्य विचारायला त्यांच्या दारात गेले. कांदा नको, लसूण नको, आलंही नको, असं कळल्यावर ते परत आले आणि बायकोला म्हणाले की ही माणसं आजवर जगली कशी, हेच नवल आहे. कढण मात्र केलं. व्यापारी बरे झाले आणि दर दिवाळीला त्यांच्याकडून गुळाची ढेप येऊ लागली.

आबांच्या बायकोला घरात सगळे आक्का म्हणत. बुटक्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. आबांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा आणि आक्कांचा शेजारच्या खोलीत. दोन हजार सालानंतर केव्हातरी त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. पाय सुजायचे. आबांनी अर्थातच अळणी वाढवलं. सूज हटेना तेव्हा मुलांनी आग्रह धरला, आणि आबा आक्कांना मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, हुशार होता आणि विदर्भातून नुकताच आला होता. त्यानं तपासलं, हृदय कमजोर झालंय म्हणाला, गोळ्या दिल्या. नर्स आक्कांना वजन करायला घेऊन गेली तेवढ्यात त्यानं आबांना बजावलं की यांना यापुढं दोन्ही वेळा अळणीच द्यायचं, अगदी कडक पाळायचं.

त्या दिवशी आबा रिक्षातून उतरले ते मिरवणुकीतून उतरल्यासारखे. आयुष्यभर जे ते सांगत होते ते आता एमडी झालेला माणूस सांगत होता. मुलांना, सुनांना, शेजाऱ्यांना, मला फोनवरून, प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं. घरात कुणालाच शंका आली नाही, कारण त्या घरात अळणी या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. खाटकाकडं आता रोज फेरी सुरू झाली. दुपारी वाटीभर, रात्री वाटीभर, वर मिरपूड. आक्का पीत होत्या. पाय आणखी सुजत होते.

दुसऱ्या फेरीला डॉक्टरनं विचारलं, अळणी देताय ना? आबा म्हणाले, देतोय की, तुम्ही सांगितलं त्यापेक्षा दोन घोट जास्तच. डॉक्टर खूश झाला. सूज का उतरत नाही हे त्याला कळेना, म्हणून गोळी बदलली. तिसऱ्या वेळी आक्कांना दाखलच करावं लागलं. मी तेव्हा कोल्हापुरातच होतो, म्हणून साडूबरोबर दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर वैतागलेला होता. त्यानं आबांना बसवून घेतलं आणि विचारलं की घरात नक्की काय काय करून घालता ते मला एकेक सांगा. आबांना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी नीट विचारत होतं. त्यांनी खाटकापासून सुरुवात केली. नळी, चाप, परातीतलं पाणी, हळद, आलं, लसूण, मीठ.

"मीठ?" डॉक्टर म्हणाला.

"मग?" आबा म्हणाले. "मिठाबिगर अळणी कसं हुईल, साहेब?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग त्यानं, आवाज न चढवता, त्याच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ काय ते सांगितलं. चांगला माणूस होता. आपणही नीट विचारायला हवं होतं, असं म्हणाला. साडू भिंतीकडं बघत होता. मला, खरं सांगतो, एक क्षणभर हसू आलं होतं, पण आबांच्या तोंडाकडं नजर गेली आणि ते जागच्या जागी विरलं. चांगला धट्टाकट्टा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाला. "म्हंजे मीच," असं काहीतरी ते म्हणाले. पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही. साडूनं त्यांना हाताला धरून बाहेर नेलं.

आक्का त्या वेळी घरी आल्या. पाय बरेच उतरले होते. आबांनी त्या रविवारी फर्मान काढलं की यापुढं या घरात मीठ बंद. एकट्या आक्कांचं नाही, सगळ्यांचं. ती एकटी बेचव गिळणार आणि आपण मिटक्या मारत बसायचं, हे होणार नाही. आणि पातेलं एकच चढेल, पहिल्यासारखंच. अशा रीतीनं कोल्हापुरात बहुधा पहिल्यांदाच, शब्दकोशात लिहिलेलं अळणी शिजू लागलं.

ते कसं लागायचं हे मी सांगत नाही. गरम पाण्यात बोकडाची आठवण यावी, तसं काहीतरी ते होतं. आबांनी हार मानली नाही. मिठाच्या जागी त्यांनी लिंबू पिळून बघितलं, आमसूल टाकून बघितलं, तीळ वाटून बघितले, टोमॅटो, चिंच, एकदा तर आजऱ्याहून आणलेले काजू. दर रविवारी नवा प्रयोग आणि दर रविवारी सगळे वाटीत बघत बसलेले. माझा साडू बाहेरून येता येता मिसळ खाऊन यायला लागला. नातवंडांनी कंपासपेटीत मीठ ठेवलं होतं आणि ती वाटी घेऊन गच्चीवर अभ्यासाला जात. माझ्या एसटीलाही रविवारी नेमका उशीर व्हायला लागला. हे सगळं आक्कांना कळत होतं. त्यांनी सुनांना बाजूला घेऊन सांगितलं की पोरांच्या ताटात मीठ घाला गं गुपचूप, ह्यांना काय कळतंय. कंपासपेटीचा शोध लागला तेव्हा त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली आणि सगळे घाबरले. आबांनी मात्र खरोखरच मीठ सोडलं होतं. वर्कशॉपमध्ये चहाबरोबर खारी बिस्किटं आली तरी ते हात लावत नसत.

आक्का प्रत्येक वाटीनंतर म्हणायच्या, चांगलं झालंय. लिंबाचं असो, काजूचं असो, चांगलं झालंय. आबा ते ऐकून मान हलवायचे आणि पुढच्या रविवारचा विचार करायला लागायचे.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग एका थंडीत आक्का अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरनं मोठ्या मुलाला, म्हणजे माझ्या साडूला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता पथ्याचं काही राहिलेलं नाही, जे मागतील ते द्या. साडूनं ते मला सांगितलं. बापाला सांगितलं नाही. पथ्य सुटलं असं आबांना सांगणं म्हणजे दुसरंच काहीतरी सांगणं होतं, आणि ते त्याच्या जिभेवर येत नव्हतं. आज सांगतो, उद्या सांगतो, असं तो म्हणत राहिला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

त्या रविवारी मी लवकर गेलो होतो. आक्कांच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसलो होतो. आबा पातेलं उतरवून पहिली वाटी घेऊन आत आले. आक्कांनी वाटीकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आज मीठ घाला की थोडं. पयल्यासारखं."

आबा उभे राहिले. मग वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले. मला तिथून ओटा दिसत होता. सुनांच्या मिठाची बरणी मागच्या फळीवर कुठं लपवलेली असते, हे त्यांना इतके दिवस ठाऊक होतं, असं दिसलं, कारण त्यांनी ती बरोबर काढली. झाकण उघडलं. चिमूट भरली. चिमूट वाटीवर धरून ते इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं, घातलंच. मग त्यांनी ती बरणीत परत सोडली, बोटं धोतराला पुसली, आणि वाटी घेऊन आले. साडू सोप्यात होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली.

आक्का चमच्यानं दोन घोट प्यायल्या. त्यांना कळलं. आबांकडं बघून म्हणाल्या, चांगलं झालंय. पुढच्या रविवारच्या आतच त्या गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर घरात पुन्हा पातेलं चढलं, कारण पोरं होती, आणि आबांना दुसरं काही करता येत नव्हतं. त्यांनी मीठ घातलं. अगदी पूर्वीच्या हातानं घातलं. इतक्या दिवसांनी चव आली आणि कुणाच्या घशाखाली उतरेना. नातवंडं तेवढी प्यायली, त्यांचं बरोबरच होतं. आबांनी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मग दर रविवारी तसंच व्हायला लागलं. करायचे, वाढायचे, कट्ट्यावर बसायचे. घरचे म्हणायचे, आबांचा आवाज बसलाय. घसा तपासून घ्या म्हणायचे.

अशाच एका रविवारी मी जेवून त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. समोरून सायकलवर कुणी गेलं, त्यानं रामराम घातला, तो त्यांनी घेतला नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पावणं, तुम्ही शिकल्यालं हाय. एक सांगा. त्या दिवशी चिमूटभर घातलं असतं, तर तिला बाधलं असतं का?"

खोटं बोलायला मला आयुष्यात कधी एवढा कमी वेळ मिळाला नव्हता. नाही म्हणालो असतो तर ते खरं झालं असतं, आणि ते घेऊन या माणसाला उरलेले सगळे रविवार काढावे लागले असते. आत साडू हात धूत होता. त्याला ऐकू गेलं असावं, कारण पाण्याचा आवाज थांबला.

"बाधलं असतं, आबा," मी म्हणालो. "मीठ म्हणजे विषच होतं त्यांना."

त्यांनी मान हलवली. दोन-तीनदा हलवली. चेहरा जरा सैल झाला, निदान मला तसं वाटलं.

"मग बरोबर केलं म्हणायचं."

"बरोबरच केलंत."

"व्हय," आबा म्हणाले. मग गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले, आणि आत जाता जाता, मला उद्देशून नाही, कुणालाच उद्देशून नाही, असं म्हणाले, "पण मागितलं हुतं की हो तिनं."